‘दखलपात्र’ आणि ‘अदखलपात्र’ : अपराधांच्या वर्गीकरणाची मराठी परिभाषा

कायदा अपराधाविषयी दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो. अमुक कृत्य अपराध होय की नव्हे, ही पहिली; आणि ते अपराध असल्यास त्याबाबत कोणी, केव्हा व कोणाच्या आज्ञेने हालचाल करावयाची, ही दुसरी. पहिलीस व्याख्या म्हणावे आणि दुसरीस वर्गीकरण. या दोहोंची प्रयोजने भिन्न असल्याने त्यांची भाषाही भिन्न असावी, अशी अपेक्षा करणे वावगे नाही. व्याख्येच्या भाषेने कृत्याचे स्वरूप सांगावे. वर्गीकरणाच्या भाषेने अधिकाराची वाटणी सांगावी. मराठी विधिपरिभाषेत मात्र असे घडले आहे की, अधिकाराची वाटणी सांगण्यासाठी योजलेले शब्द कृत्याचे, किंबहुना कृत्याने दुखावलेल्या माणसाच्या गाऱ्हाण्याचे मोल सांगू लागले आहेत. वर्गीकरणाने व्याख्येची जागा घेतली आहे. हे कसे घडले, त्याचा परिणाम कोणावर होतो आणि त्याचे निराकरण शक्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम व्याख्येकडे पाहू. भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली सिद्ध केला होता. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांच्या ठिकाणी ३५८ कलमे आली. परंतु ‘अपराध’ या संज्ञेची व्याख्या दोन्ही संहितांत तत्त्वतः एकच आहे : कायद्याने जी गोष्ट शिक्षायोग्य केली आहे, ती अपराध होय. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातही कृती अथवा अकृती, जी त्या त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याने शिक्षायोग्य ठरवली असेल, ती अपराध, असेच म्हटले आहे.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही व्याख्या चक्राकार वाटेल. शिक्षा का, तर अपराध आहे म्हणून; आणि अपराध का, तर शिक्षा सांगितली आहे म्हणून. परंतु या चक्राकारतेतच तिचा गुण आहे. ती पापपुण्याविषयी काहीच बोलत नाही. कृत्य नीच आहे काय, समाजास घृणास्पद वाटते काय, असे प्रश्न ती उपस्थित करीत नाही. ‘अपराध’ या संस्कृत शब्दात चुकण्याचा, कोणाचा तरी अवमान करण्याचा अर्थ आहे. ‘गुन्हा’ हा फारसीतून आलेला शब्द मुळात पापाचा वाचक आहे. कायद्याने हे दोन्ही अर्थ बाजूस सारून केवळ शिक्षायोग्यता तेवढी ठेवली. शब्दांचा असा अर्थसंकोच ही विधिभाषेची नेहमीची रीत होय, आणि तीत दोष नाही.

लोकभाषेत मात्र ‘गुन्हा’ या शब्दाचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘गुन्हेगारी’ हा शब्द अपराधाबद्दल वसूल करावयाच्या दंडासाठी येतो. आज तो अपराधप्रवृत्तीसाठी किंवा अपराधांच्या एकूण प्रमाणासाठी येतो. एके काळी जी रक्कम होती, ती पुढे वृत्ती झाली. शब्द व्यवहाराकडून माणसाच्या स्वभावाकडे कसा सरकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. पुढील विवेचनात ते ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण ‘दखलपात्र’ या शब्दाचीही गती काहीशी अशीच झाली आहे.

२

वर्गीकरणाच्या जुन्या शब्दांत अधिकाराची वाटणी किती स्वच्छ दिसत असे, हे ‘दिवाणी’ आणि ‘फौजदारी’ या जोडीवरून कळते. दिवाणाच्या कक्षेतील ते दिवाणी. फौजदाराच्या कक्षेतील ते फौजदारी. वाद कोणापुढे न्यावयाचा, हे शब्दच सांगतो. वाद क्षुद्र की थोर, याविषयी तो मौन पाळतो. दिवाण गेले आणि फौजदारही त्या अर्थाने उरले नाहीत. तरी शब्दाच्या घडणीत कर्ता कायम आहे.

ही पहिली विभागणी प्रत्यक्षात किती अवघड असते, हे नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदारांना चांगले ठाऊक आहे. वणी हे दिंडोरी तालुक्यातील मोठे बाजारगाव. सप्तशृंगीच्या गडाला जाणारे भाविक त्याच वाटेने जातात. भोवतालचा मुलूख द्राक्ष, टोमॅटो व कांदा पिकवणारा. द्राक्षाचा माल बागेवर येऊन उचलणारा व्यापारी काही रक्कम रोख देतो, उरलेल्या रकमेचा वायदा करतो, आणि कधी कधी तो वायदा पाळीत नाही. ही फसवणूक की नुसता करारभंग? दंड संहितेच्या ४१५ व्या कलमाखाली यासाठी नीळ उत्पादनाचा एक दृष्टांत दिलेला होता. माल देण्याचा मुळातच मनोदय नसताना तसे भासवून आगाऊ रक्कम घेणारा फसवणूक करतो. परंतु रक्कम घेतेवेळी माल देण्याचा मनोदय होता आणि पुढे करार मोडला, तर त्याच्यावर केवळ दिवाणी दावा चालेल, असा त्याचा आशय. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदयरंजन प्रसाद वर्मा यांच्या प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा मांडले : कपट व्यवहाराच्या आरंभी असले पाहिजे.

नीळ जाऊन द्राक्ष आले आणि देणाराघेणाराच्या भूमिका उलटल्या, तरी प्रश्न तोच राहिला. २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी शेतकऱ्यांच्या व्यापाऱ्यांकडे अडकलेल्या रकमांसाठी मोहीम हाती घेतली, तेव्हाही मूळ पेच हाच होता की, मनातला आरंभीचा हेतू कागदावरून ओळखावयाचा कसा. पण येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, ‘हे दिवाणी आहे’ असे सांगितले गेलेला शेतकरी निराश होईल, संतापेल, तरी त्या शब्दाने आपले नुकसान क्षुल्लक ठरवले गेले, असे त्यास वाटणार नाही. शब्द त्याला दुसरे दार दाखवतो, एवढेच.

३

फौजदारी कक्षेच्या आत जी पुढची विभागणी आहे, ती ‘दखलपात्र’ व ‘अदखलपात्र’ अपराधांची. तिचा कायद्यातील अर्थ नेमका आहे. ज्या अपराधाबद्दल पोलीस अधिकारी वॉरंटावाचून अटक करू शकतो, तो दखलपात्र. ज्याबद्दल तसे करता येत नाही आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपासही करता येत नाही, तो अदखलपात्र. कोणता अपराध कोणत्या वर्गात मोडतो, हे दंडाच्या संहितेत सापडत नाही. ते फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, पहिल्या अनुसूचीत दिलेले आहे. म्हणजे व्याख्या एका ग्रंथात व वर्गीकरण दुसऱ्या ग्रंथात. व्याख्या आणि वर्गीकरण ही स्वतंत्र कार्ये आहेत, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

हे वर्गीकरण अपराधाच्या गांभीर्यावर आधारलेले आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतः खरा आहे. इतर कायद्यांखालील अपराधांसाठी अनुसूचीच्या दुसऱ्या भागात जो सामान्य नियम दिला आहे, तो शिक्षेच्या मुदतीवरच उभा आहे : तीन वर्षे वा त्याहून अधिक कारावासाचा अपराध दखलपात्र, त्याहून कमी असेल तर अदखलपात्र. परंतु संहितेतील मुख्य अपराधांकडे पाहिले असता हा हिशोब जुळत नाही. एखाद्याची वाट गैरपणे अडवणे, या अपराधास न्याय संहितेच्या १२६ व्या कलमाखाली अधिकात अधिक एक महिन्याचा साधा कारावास आहे. तो दखलपात्र आहे. हाताने मारून साधी दुखापत करणे, यास ११५ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कारावास आहे. तो अदखलपात्र आहे. पतिपत्नीपैकी एक हयात असता दुसरा विवाह करणे, यास ८२ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि पहिला विवाह लपवून तसे केल्यास दहा वर्षांपर्यंत; हे दोन्ही अदखलपात्र आहेत. न्यायालयात खोटी साक्ष देणे, यासही सात वर्षांपर्यंत कारावास असून तो अपराध अदखलपात्र आहे.

या विसंगतीमागे कारण नाही, असे नव्हे. वाट अडवलेल्या माणसास त्याच घटकेला सुटका हवी असते. पोलिसाने तेथे आदेशाची प्रतीक्षा करीत बसणे निरर्थक. उलट खोटी साक्ष न्यायालयासमोर घडते, आणि ती खोटी होती काय हे न्यायालयाने ठरवावयाचे असते. विवाहाच्या प्रकरणी घरात पोलिसांनी आपण होऊन शिरू नये, असा विचार दिसतो. तात्पर्य, वर्गीकरणाचा प्रश्न ‘अपराध केवढा?’ असा नसून ‘पोलिसांनी आपल्या अधिकारात हात घालणे येथे योग्य आहे काय?’ असा आहे. हा अंकुश पोलिसांवर आहे. नागरिकाच्या घरात राज्यसत्तेने सहजासहजी पाऊल टाकू नये, यासाठी तो घातलेला आहे.

४

आता शब्दाकडे वळू. ‘दखल’, ‘दाखल’, ‘दाखला’ हे तिन्ही मराठी शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. त्या धातूचा अर्थ आत शिरणे. हिंदीत ‘दखल’ म्हणजे हस्तक्षेप किंवा ताबा. मराठीतही ‘दखलंदाजी’ या शब्दात तो अर्थ जिवंत आहे. या अर्थाने पाहिले तर ‘दखल’ हा शब्द निवडणाऱ्याची नजर चुकली होती, असे म्हणता येणार नाही. जेथे पोलिसांना आपण होऊन शिरता येते तो दखलीचा अपराध, जेथे शिरता येत नाही तो बिनदखलीचा, इतका तो अर्थ सरळ झाला असता.

परंतु आजच्या मराठीत ‘दखल’ हा शब्द स्वतंत्रपणे येतो तेव्हा तो हस्तक्षेपाचा वाचक नसतो. ‘दखल घेणे’ म्हणजे लक्ष देणे, महत्त्व मानणे. समीक्षकांनी कवीची दखल घेतली. सरकारने मोर्चाची दखल घेतली नाही. म्हणजे ज्याची दखल घेतली जात नाही, तो उपेक्षित. शब्द प्रवेशाकडून लक्ष देण्याकडे, आणि लक्ष देण्याकडून महत्त्वाकडे सरकला.

त्यावर ‘पात्र’ या उत्तरपदाने कळस चढवला. इंग्रजीतील ‘कॉग्निझेबल’ या शब्दाचा अंत्य प्रत्यय शक्यता सांगतो : तसे करता येते, इतकेच. मराठीत ही शक्यता व्यक्त करण्यास साधने कमी नाहीत. ‘करता येण्याजोगा’, ‘क्षम’, ‘योग्य’ यांच्या छटा निरनिराळ्या आहेत, आणि ‘योग्य’ या पदात शक्यतेबरोबर औचित्यही डोकावते. पण ‘पात्र’ या पदात शक्यता जवळजवळ नाहीच; तेथे आहे ती लायकी. विश्वासपात्र, कृपापात्र, कौतुकास पात्र, सत्पात्री दान : या सर्व ठिकाणी पात्रता ही कमावलेली असते. ‘शिक्षापात्र’ या शब्दात ते पद शोभते, कारण शिक्षा ही कृत्याने ओढवून घ्यावयाची गोष्ट आहे. ‘दखलपात्र’ यात मात्र ते अस्थानी आहे. पोलिसाचा अधिकार हा अपराधाने मिळवलेला मान नव्हे.

परिणामी ‘अदखलपात्र’ हा शब्द सामान्य मराठी वाचकास जे सांगतो ते असे : ‘ज्याकडे लक्ष देण्याची लायकी नाही तो.’ आणि कायदा काय सांगतो? अदखलपात्र अपराधाची खबर मिळताच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने तिचा सारांश नियत पुस्तकात नोंदवलाच पाहिजे आणि खबर देणाऱ्यास दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४ व्या कलमाने यात भर घालून अशा सर्व प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे कलमाची पहिली आज्ञाच दखल घेण्याची आहे, आणि नाव मात्र दखल न घेण्याचे.

‘जामीनपात्र’ व ‘अजामीनपात्र’ या जोडीची स्थिती याहून वेगळी नाही. पहिल्या वर्गात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. तो देण्यास तयार असलेल्यास सोडावेच लागते. दुसऱ्या वर्गात जामीन मिळू शकतो, पण तो न्यायालयाच्या विवेकाधीन असतो. शब्द मात्र पहिल्या ठिकाणी हक्काचे रूपांतर लायकीत करतो आणि दुसऱ्या ठिकाणी विवेकाचे रूपांतर निषेधात. ‘अजामीनपात्र गुन्हा असूनही जामीन मिळाला’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिच्यातील ‘असूनही’ हे पद त्या शब्दाचे अपत्य होय. न्यायालयाने कायद्याप्रमाणे वागावे आणि लोकांना ते कायद्याविरुद्ध वाटावे, हा परिभाषेचा पराभव आहे.

५

दंड संहितेने ‘क’ आणि ‘य’ अशा नावांच्या कल्पित माणसांकडून कायदा समजावून सांगण्याची प्रथा पाडली. त्याच पद्धतीने वणीच्या परिसरात दोन दृष्टांत योजून पाहता येतील.

पहिला असा. ‘य’ ही वृद्ध विधवा. शेताच्या बांधावरून ‘क’ या शेजाऱ्याशी तिची बोलाचाली होते व तो तिच्या दोन थोबाडीत देतो. ती वणीच्या पोलीस ठाण्यात जाते. ठाणे अंमलदार तिला सांगतो, ‘मावशी, हे अदखलपात्र आहे. एन. सी. लिहून देतो, पुढचं तुम्ही कोर्टात बघा.’ अंमलदाराने काहीही चुकीचे केलेले नाही. त्याचे बोलणे सभ्य आहे, आणि तपास करण्यास त्यास कायद्यानेच मनाई केली आहे. परंतु ‘य’ने काय ऐकले? तिच्या अंगावर पडलेला हात हा दखल घेण्याच्या लायकीचा नाही. दिंडोरीच्या न्यायालयात जाऊन दंडाधिकाऱ्याकडून तपासाचा आदेश मिळवता येतो, हा जो तिचा उपाय, तो त्या शब्दाच्या आड दिसेनासा होतो. ती घरी जाते. ‘क’ जर तिची वाट अडवून मग मारता, तर एक अपराध दखलपात्र असल्याने सारे प्रकरण दखलपात्र मानले गेले असते. पण हे तिला कोण सांगणार?

दुसरा दृष्टांत नव्या कायद्याचा आहे. ‘य’ हा भूमिहीन मजूर. त्याच्या दारातील शेळी ‘क’ चोरून नेतो; शेळीचे मोल साडेचार हजार रुपये. दंड संहितेच्या ३७९ व्या कलमाखाली कोणत्याही किमतीची चोरी दखलपात्र होती. न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमाने, चोरीचा माल ५,००० रुपयांहून कमी मूल्याचा असेल, चोर प्रथमच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली; आणि अनुसूचीने ५,००० रुपयांहून कमी मूल्याची ही चोरी अदखलपात्र वर्गात घातली. प्रथमच चुकलेल्या माणसास तुरुंगापासून वाचवण्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु मजुराच्या घरी साडेचार हजारांची शेळी ही किरकोळ वस्तू नव्हे. ती त्याची पुंजी असते. मूल्याची मर्यादा रुपयांत सांगता येते, हानीची सांगता येत नाही. येथे ‘अदखलपात्र’ हा शब्द उच्चारला की, त्या मजुराची शेळी दखल घेण्याजोगी नाही, पण बागाईतदाराची दुचाकी आहे, असा अर्थ निघतो. कायद्यास हे म्हणावयाचे नाही; त्याच्या मराठीने ते म्हटले आहे.

या ठिकाणी लोकव्यवहारातील एक प्रयोग फार उद्बोधक आहे. ‘गुन्हा दाखल झाला’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा दखलपात्र अपराधाची प्रथम खबर नोंदली गेली, असा अर्थ असतो. अदखलपात्र खबर नोंदली गेली तर ‘एन. सी. झाली’ असे म्हणतात, आणि खबर देणारा बाहेर येऊन सांगतो, ‘गुन्हा दाखल करून घेतला नाही.’ कायद्याच्या लेखी दोन्ही अपराधच आहेत; लोकभाषेने मात्र ‘गुन्हा’ हा शब्द एकाच वर्गासाठी राखून ठेवला. ज्याची प्रथम खबर नोंदली गेली नाही, तो गुन्हाच नव्हे. आरंभी म्हटल्याप्रमाणे वर्गीकरणाने व्याख्येची जागा घेतली ती अशी.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप भाषाशास्त्रीय आहे. पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्याच्या अवयवांतून काढावयाचा नसतो. आपल्या व्याकरणपरंपरेने यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले आहेत. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेली प्रत्येक वस्तू नव्हे, तर कमळच. तद्वत् ‘दखलपात्र’ हा योगरूढ शब्द मानावा आणि त्याच्या फोडीचा उपद्व्याप करू नये. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते तज्ज्ञांच्या व्यवहारापुरते. वकील आणि न्यायाधीश यांच्यात शब्द रूढ होतो, कारण ते त्याचा वापर नित्य करतात. ‘य’ला तो शब्द आयुष्यात एखाद्या वेळी ऐकावा लागतो, तोही दुखावलेल्या मनःस्थितीत. तिच्यासाठी तो रूढ होण्यास अवसरच नाही. ती तो यौगिक म्हणूनच ऐकणार. हिंदीने ‘संज्ञेय’ हा शब्द घेतला. तो सामान्य माणसास कळत नाही, हा त्याचा दोष. पण न कळणारा शब्द माणसास निदान विचारावयास लावतो. चुकीचे कळणारा शब्द विचारणे थांबवतो.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. अडचण शब्दाची नसून आचरणाची आहे. शब्द बदलला तरी नोंद करून विसरण्याची रीत तशीच राहील. ‘एन. सी.’ या अक्षरद्वयास काहीच अर्थ नाही, तरीही त्याला ‘लिहिले आणि संपले’ असा अर्थ आचरणाने चिकटलाच की नाही? हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याचे पूर्ण निरसन भाषेच्या अभ्यासाने होणार नाही. दखलपात्र अपराधाच्या बाबतीतही खबर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली निक्षून सांगावे लागले. म्हणजे जेथे शब्द अनुकूल होता, तेथेही आचरण उणे पडत होतेच. तथापि दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. ‘एन. सी.’ला जो अर्थ चिकटला तो आचरण सुधारल्यास गळून पडेल. ‘अदखलपात्र’ला जो अर्थ आहे तो त्याच्या घडणीतच आहे, तो वाईट आचरणास सबब पुरवतो आणि चांगल्या आचरणासही बदनाम करतो. दृष्टांतातील सभ्य अंमलदार नेमका याच कारणाने उद्धट ठरतो.

शिवाय वर्गवाचक शब्दांचा परिणाम राज्यव्यवस्थेस अज्ञात आहे, असेही नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना ‘गुन्हेगार’ हे विशेषण लावले; कृत्यांऐवजी माणसांचे, तेही जन्माने, वर्गीकरण केले. मुंबई प्रांताने १९४९ साली आणि केंद्राने १९५२ साली ती व्यवस्था रद्द केली, तेव्हा नुसते कलम काढून भागले नाही. ‘विमुक्त’ हा नवा शब्द पुढे आणावा लागला. जुन्या शब्दाचा डाग अद्यापही पुरता निघालेला नाही, हा अनुभव लक्षात घेता परिभाषेचा प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

७

निराकरण शोधण्यास फार दूर जावयास नको. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘कॉग्निझेबल’ ही संज्ञा व्याख्यांच्या कलमात होती. परंतु अनुसूचीच्या स्तंभात ती वापरलेली नव्हती. पोलिसांना वॉरंटावाचून अटक करता येते की नाही, असा तेथे स्तंभाचा मथळा होता, आणि प्रत्येक अपराधासमोर वॉरंटावाचून अटक करता येईल, किंवा करता येणार नाही, असे उत्तर होते. त्या रचनेत क्रियापद होते आणि कर्ता होता. १९७३ च्या संहितेने त्याच स्तंभात एक विशेषण ठेवले : कॉग्निझेबल की नॉन-कॉग्निझेबल. वाक्याचे विशेषण झाले की कर्ता लोपतो. ‘पोलिसांना मनाई आहे’ हे विधान ‘अपराध असा आहे’ या विधानात रूपांतरित होते. मनाई पोलिसांवरून उठते आणि उणेपणा अपराधावर, पर्यायाने गाऱ्हाण्यावर, येऊन पडतो. मराठी अनुवादाने त्या विशेषणास ‘पात्र’ जोडले, तेव्हा हे संक्रमण पुरे झाले.

कर्ता परत आणता येतो, याचे उदाहरण शेजारीच आहे. वणीहून पुढे जाणारा रस्ता सापुताऱ्यावरून गुजरातेत उतरतो. गुजराती विधिभाषेत दखलपात्र अपराधास ‘पोलीस अधिकारनो गुनो’ म्हणतात, आणि अदखलपात्रास ‘पोलीस अधिकार बहारनो गुनो’. शब्द लांब आहेत, सुबकही नाहीत. पण ते खरे बोलतात. ‘हा पोलिसांच्या अधिकाराबाहेरचा गुन्हा आहे’ असे ऐकणारा माणूस पुढचा प्रश्न आपोआप विचारतो : मग कोणाच्या अधिकारातला? आणि त्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवलेले आहे. ‘दिवाणी’ व ‘फौजदारी’ या शब्दांत जो गुण होता, तोच येथे आहे. शब्द दार बंद न करता दुसरे दार दाखवतो.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठी परिभाषेची जी उभारणी केली, ती लहान कामगिरी नव्हे, आणि कनिष्ठ न्यायालयांचे कामकाज मराठीतून चालू शकते ते त्या पायावरच. त्या कार्याचा पुढचा टप्पा शब्द नव्याने घडवण्याचा नसून घडवलेले शब्द लोकांच्या कानी कसे पडतात, हे तपासण्याचा आहे. नव्या संहिता लागू झाल्याने कलमांचे आकडे तर सर्वांनाच पुन्हा शिकावे लागत आहेत. शब्द तपासून घेण्यास याहून सोयीची वेळ नाही. ‘पोलीस-अधिकारातील’ आणि ‘न्यायालयाच्या आदेशाने तपासावयाचा’ अशी रूपे चालतील किंवा याहून चांगली सुचतील. कसोटी एकच आहे. अपराध कोणता, हे व्याख्येने सांगावे. कोणी हालचाल करावी, हे वर्गीकरणाने सांगावे. आणि दुखावलेले माणूस ठाण्याच्या पायऱ्या उतरून जाईल, तेव्हा पुढे कोठे जावयाचे, एवढे तरी त्याने ऐकलेल्या शब्दातून त्यास कळलेले असावे.